परकीय भाषेच्या वर्गात मुले बोलती कशी होतील? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच अडचणीविषयी आहेत. जर्मन, फ्रेंच, जपानी किंवा अन्य कोणतीही परकीय भाषा शिकणारी मुले लेखी परीक्षेत चांगले गुण मिळवतात, त्यांना शब्द माहीत असतात, व्याकरणाचे नियमही सांगता येतात. पण दोन वाक्ये बोलायची वेळ आली की त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. त्यांपैकी काही निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांचा पाया त्यात आहे.

प्रश्न : मी नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत नववीला जर्मन शिकवते. वर्गात ४८ मुले आहेत, तास ३५ मिनिटांचा आहे आणि बाके जमिनीला पक्की बसवलेली आहेत. पाठ्यपुस्तकातले ‘उपाहारगृहात’, ‘दुकानात’ असे संवाद मी पाठ करून घेते आणि मुले ते छान सादरही करतात. मात्र त्याच मुलांना संवादाबाहेरचा एक साधा प्रश्न विचारला, तर ती गप्प होतात. कोणते उपक्रम घ्यावेत?

उत्तर : आधी वेळेचा हिशेब मांडू. तुम्ही तासभर एक शब्दही बोलला नाहीत आणि मुले एकामागून एक बोलत राहिली, तरी ३५ मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण मिनिटही येत नाही. प्रत्यक्षात हजेरी, फळ्यावरचे लिखाण आणि तुमचे स्पष्टीकरण वजा केल्यावर काही सेकंद उरतात. म्हणून एवढ्या मोठ्या वर्गात बोलण्याचा सराव एकाच मार्गाने होऊ शकतो, आणि तो म्हणजे सगळ्या जोड्यांनी एकाच वेळी बोलणे. त्याने गोंगाट होईल. शेजारच्या वर्गावरच्या शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना त्याची कल्पना आधी देऊन ठेवावी आणि मग तो गोंगाट निर्धास्तपणे होऊ द्यावा.

दुसरी गोष्ट पाठ केलेल्या संवादांची. त्यांचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. उच्चार बसण्यासाठी आणि वाक्याची लय जिभेवर रुळण्यासाठी ते चांगले असतात. पण वाढप्याचे काम करणारा मुलगा ‘आपल्याला काय हवे?’ असे विचारतो, तेव्हा समोरची मुलगी काय मागणार हे त्याला आधीच ठाऊक असते. त्यामुळे तो तिचे ऐकत नाही. आपली पाळी केव्हा येते एवढेच पाहतो. खऱ्या बोलण्यात आपण विचारतो ते आपल्याला माहीत नसते म्हणून, आणि ऐकतो ते पुढचे पाऊल त्यावर अवलंबून असते म्हणून. ही माहितीची उणीव वर्गात मुद्दाम निर्माण करावी लागते. उपक्रम निवडताना मी एकच प्रश्न विचारते: या दोघांपैकी एकाला असे काय माहीत आहे, जे दुसऱ्याला कळल्याशिवाय काम पुढे सरकणार नाही? या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तो उपक्रम कितीही आकर्षक दिसला तरी बोलण्याचा सराव म्हणून मी तो घेत नाही.

हा विचार आपल्याच देशात मोठ्या कष्टाने तपासला गेलेला आहे. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत इंग्रजीच्या अध्यापनाचा जो प्रयोग केला, तो भाषाशिक्षणाच्या जगात ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून ओळखला जातो. त्यांनी वर्गात करायच्या कृतींचे तीन प्रकार मानले: एकाजवळ असलेली माहिती दुसऱ्यापर्यंत पोहोचवायची अशा कृती, दिलेल्या माहितीवरून तर्काने नवे काही शोधून काढायचे अशा कृती आणि स्वतःचे मत किंवा आवड सांगायची अशा कृती. आपल्याकडे बहुधा तिसऱ्या प्रकारापासून सुरुवात होते. ‘तुझा आवडता सण’ यावर बोलायला सांगितले जाते आणि मूल अडखळते, कारण तेथे विचारही त्यालाच करायचा असतो आणि शब्दही त्यालाच शोधायचे असतात. नववीच्या वर्गाने पहिल्या प्रकारापासून सुरुवात करून दुसऱ्याकडे जावे.

आता एक उपक्रम तपशिलाने सांगते. जोडीतल्या प्रत्येकाला शनिवारच्या दिनक्रमाची एक चिठ्ठी द्यावी. दोघांना एक तास भेटून प्रकल्पाचे काम करायचे आहे आणि त्यासाठी दोघांनाही मोकळी असलेली वेळ शोधायची आहे. चिठ्ठीवर दहा, अकरा, बारा, दोन, तीन, चार आणि पाच अशा वेळा असाव्यात. पहिल्याच्या चिठ्ठीत अकरा, दोन आणि चार मोकळे. दुसऱ्याच्या चिठ्ठीत दहा, बारा आणि चार मोकळे. उरलेल्या वेळांपुढे टेनिस, दंतवैद्य, आजीकडे जाणे अशी कामे लिहिलेली. चिठ्ठी एकमेकांना दाखवायची नाही, हा एकच नियम. मग संवाद साधारण असा होतो: ‘हास्ट डू उम एल्फ त्साइट?’ (अकराला तुला वेळ आहे का?) ‘नाइन, उम एल्फ श्पीले इश टेनिस. गेट एस उम त्स्व्योल्फ?’ (नाही, अकराला मी टेनिस खेळतो. बाराला जमेल?) ‘उम त्स्व्योल्फ कान इश निश्ट.’ (बाराला मला जमणार नाही.) असे करत करत जोडी चारपर्यंत पोहोचते. वेळ वाक्याच्या सुरुवातीला आली की क्रियापद कर्त्याच्या आधी येते, हा जर्मनचा नियम तुम्ही फळ्यावर अनेकदा समजावला असेल. येथे काही मिनिटांत प्रत्येक मूल तो नियम गरजेपोटी चार-पाच वेळा वापरते.

उपक्रम सुरू करण्यापूर्वी तशीच एक वेगळी चिठ्ठी घेऊन तुम्ही एका बाजूला आणि सगळा वर्ग दुसऱ्या बाजूला असा एक डाव खेळून दाखवावा. लागणारी पाच-सहा वाक्ये त्या वेळी फळ्यावर आपोआप जमा होतात आणि ती तशीच राहू द्यावीत. प्रभूंच्या पद्धतीतही मुलांच्या स्वतंत्र कामाआधी असा सामुदायिक टप्पा असे. त्यांनी मात्र मुलांना गटात किंवा जोडीत बोलायला लावणे टाळले, कारण मुले एकमेकांच्या चुका उचलतील अशी त्यांना काळजी वाटत होती. या एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. ४८ मुलांच्या वर्गात जोडीकाम टाळले, तर चुकीचे बोलणे टळेल खरे, पण त्याबरोबर बरोबर बोलणेही टळेल.

बाके हलत नाहीत ही अडचण मोठी नाही. पहिली फेरी शेजाऱ्याशी झाली की विषम रांगांतल्या मुलांनी मागे वळावे आणि मागच्या बाकावरच्या जोडीदाराबरोबर नव्या चिठ्ठ्या घेऊन दुसरी फेरी करावी. या दुसऱ्या फेरीच्या चिठ्ठ्यांत एकही समान मोकळी वेळ ठेवू नये. मग कोणीतरी आपले काम पुढे ढकलले पाहिजे. ते कोणी, कोणते आणि का, यावर बोलणे भाग पडते. ‘कान्स्ट डू डास आम झोन्टाग माखन?’ (ते तू रविवारी करू शकशील का?) हे वाक्य अशा वेळी शिकवावे, कारण ते नेमके तेव्हाच हवे असते. येथे उपक्रम पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात सरकलेला असतो आणि मुलांना त्यातला फरक सांगावाही लागत नाही. जर्मन भाषेच्या परीक्षा घेणाऱ्या गटे-इन्स्टिट्यूटच्या ए-टू या प्राथमिक पातळीच्या तोंडी परीक्षेतही दोन वेगवेगळ्या दिनक्रमांवरून भेटीची वेळ ठरवण्याचे असेच काम असते. त्यामुळे हा वेळ परीक्षेच्या तयारीतून वजा होतो, अशी शंका पालकांनी घेण्याचे कारण नाही.

प्रश्न : जोडीने बोलायला सांगितले आणि मी पाठ फिरवली की मुले मराठीत बोलून काम उरकतात. शिक्षा करावी का? (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : शिक्षा करू नये. मुले मराठीकडे वळतात त्यामागे बहुतेक वेळा आळस नसतो. त्या क्षणी हवे असलेले वाक्य त्यांच्याजवळ नसते. ‘थांब जरा’, ‘पुन्हा सांग’, ‘हे कसे म्हणायचे?’, ‘आता तुझी पाळी’ ही वाक्ये धड्यात क्वचितच असतात आणि जोडीकामात प्रत्येक मिनिटाला लागतात. ती शिकत असलेल्या भाषेत मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर वर्षभर लावून ठेवावीत. तयारीच्या दोन मिनिटांत मराठी बोलण्याची मोकळीक द्यावी. काय बोलायचे हे मराठीत ठरवण्यात काहीच वावगे नाही. काम सुरू झाल्यावर मात्र तिघांचा गट करून तिसऱ्याला नोंद ठेवणारा नेमावे. दोघांनी काय ठरवले ते त्याने ऐकून लिहायचे, पण मराठीत बोललेले काहीही लिहायचे नाही. त्याच्या कागदावर आले तेवढेच काम झाले असे धरावे. दर फेरीला ही भूमिका बदलावी, नाही तर वर्गातली सगळ्यांत गप्प मुलगी कायम लिहिण्याचेच काम पत्करेल.

प्रश्न : मी कोल्हापुरात फ्रेंचचे खासगी वर्ग घेतो. विद्यार्थी बोलताना चुकला की मी लगेच बरोबर वाक्य सांगतो. एका सहकाऱ्याच्या मते यामुळे विद्यार्थी बोलायचे थांबतात. मग चुका तशाच सोडून द्यायच्या का?

उत्तर : सोडून द्यायच्या नाहीत; पण तुम्ही ज्या रीतीने त्या दुरुस्त करता, तिचा परिणाम तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. लिस्टर आणि रांटा या संशोधकांनी १९९७ साली कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षक मुलांच्या चुकांना कसे प्रतिसाद देतात आणि त्यानंतर मुले काय करतात, हे त्यांनी तपासले. मुलाचे वाक्य शिक्षकाने स्वतःच बरोबर करून म्हणणे हा सर्वांत जास्त आढळलेला प्रकार होता; सगळ्या प्रतिसादांपैकी निम्म्याहून अधिक प्रतिसाद याच प्रकारचे होते. आणि मुलांनी दुरुस्तीची दखल घेण्याचे प्रमाण नेमके याच प्रकारात सर्वांत कमी होते.

असे का होते, हे तुमच्याच वर्गातल्या एका नेहमीच्या चुकीवरून लक्षात येईल. विद्यार्थी म्हणतो, ‘झ’ए आले ओ मार्शे’, म्हणजे मी बाजारात गेलो. त्याने सहायक क्रियापद चुकीचे घेतलेले आहे. तुम्ही म्हणता, ‘वी, झ स्वी आले ओ मार्शे’. विद्यार्थ्याच्या कानावर पहिल्यांदा पडतो तो ‘वी’, म्हणजे होकार. त्याला वाटते की आपले बोलणे सरांना कळले आणि पटले. तोही ‘वी’ म्हणतो आणि बाजारात काय घेतले ते सांगू लागतो. पुढच्या वाक्यात पुन्हा तीच चूक होते. तुम्ही दुरुस्ती केली, पण त्याच्यापर्यंत ती दुरुस्ती म्हणून पोहोचलीच नाही.

त्याऐवजी त्याला स्वतःला दुरुस्त करायला लावावे. ‘झ’ए आले?’ एवढेच प्रश्नार्थक सुरात म्हणून थांबावे, किंवा ‘झ...’ म्हणून वाक्य त्याच्याकडे सोपवावे. नियम त्याला माहीत असेल तर तो क्षणभर थांबून स्वतःच बरोबर रूप सांगेल, आणि स्वतः शोधून काढलेले रूप टिकण्याची शक्यता अधिक असते. नियम अजून शिकवलेलाच नसेल, तर अर्थातच तो सुचणार नाही; अशा वेळी सरळ सांगून टाकावे आणि पुढे जावे.

मात्र हे सगळे ज्या तासाचा हेतू अचूकता हा आहे त्या तासापुरते. जोड्या कामात गुंतलेल्या असताना, बोलण्याचा ओघ वाढवणे हा हेतू असताना, मध्ये तोंड घालूच नये. अर्थच कळेनासा झाला असेल तर गोष्ट वेगळी. हातात वही घेऊन फिरावे, ऐकलेली वाक्ये टिपावीत आणि शेवटची पाच मिनिटे राखून ठेवावीत. त्या वेळी टिपलेल्यांपैकी सहा वाक्ये नाव न घेता फळ्यावर लिहावीत. त्यांतली दोन मुद्दाम अगदी बरोबर असलेली निवडावीत. कोणती बरोबर आणि कोणती चुकीची, हे जोड्यांनीच ठरवावे. बरोबर वाक्ये मिसळल्याने दोन फायदे होतात: विद्यार्थ्यांना प्रत्येक वाक्य खरोखर वाचावे लागते आणि ज्याचे वाक्य बरोबर ठरते, त्याला ते आपले आहे हे मनातल्या मनात कळते. तुमच्या सहकाऱ्याचे म्हणणे याबाबतीत रास्त आहे की, प्रत्येक वाक्यावर टोकला जाणारा विद्यार्थी हळूहळू ज्यांत चूक होणार नाही अशीच वाक्ये बोलू लागतो, आणि ती फार तोकडी असतात.

प्रश्न : माझे विद्यार्थी जपानी भाषेच्या एन-फोर परीक्षेत उत्तीर्ण होतात, पुण्यातल्या जपानी कंपन्यांत मुलाखतीला जातात आणि तेथे स्वतःची ओळख करून दिल्यानंतर दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतात. चूक कोठे होते? (एक जपानी प्रशिक्षक, पुणे)

उत्तर : जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेच्या एकाही पातळीवर बोलण्याची चाचणी नाही. एन-फाइव्ह या सर्वांत सोप्या पातळीपासून एन-वन या सर्वांत अवघड पातळीपर्यंत शब्द, व्याकरण, वाचन आणि श्रवण तपासले जाते. उमेदवाराला एकही वाक्य उच्चारावे लागत नाही. विद्यार्थी परीक्षेसाठी जे करतात ते नीट करतात; मुलाखतीत लागणारी गोष्ट त्यांच्या अभ्यासक्रमातच नसते. ती तुम्हाला घालावी लागेल, आणि त्यासाठी नवे व्याकरण शिकवण्याची गरज नाही. जे व्याकरण कागदावर येते, तेच तोंडी वेगाने यायला हवे.

वेगासाठी मला सर्वांत भरवशाची वाटणारी पद्धत चार-तीन-दोन या नावाने ओळखली जाते. न्यूझीलंडमधले भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांच्या लेखनातून तिचा बराच प्रसार झाला. विद्यार्थ्याने एका विषयावर पहिल्या श्रोत्याशी चार मिनिटे बोलायचे, मग तेच दुसऱ्या श्रोत्याला तीन मिनिटांत आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायचे. एन-फोरच्या विद्यार्थ्यांना चार मिनिटे फार होतात; त्यांच्यासाठी दोन मिनिटे, दीड मिनिट आणि एक मिनिट ठेवावे. मजकूर तोच राहिल्याने काय बोलायचे याची चिंता दुसऱ्या फेरीपासून संपते आणि लक्ष कसे बोलायचे याकडे जाते. श्रोता मात्र प्रत्येक वेळी नवा हवा, कारण त्याच माणसाला तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगण्यात अर्थ नसतो आणि विद्यार्थ्यालाही ते कळते. कागद हातात घेऊन वाचू देऊ नये. सुरुवातीला फक्त चार-पाच शब्दांचे टिपण चालेल. विषय ‘मी’ हा ठेवू नये, कारण तो पाठच असतो. ‘माझ्या आधीच्या कामात आलेली एक अडचण’, ‘आमच्या गावातला पावसाळा’, ‘एखादे यंत्र कसे चालते’ असे विषय मुलाखतीतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाच्या जवळ जातात.

बोलण्याआधी तयारीला वेळ द्यावा की नाही, याविषयी शिक्षकांत मतभेद असतात. फॉस्टर आणि स्केहन या संशोधकांच्या १९९६ सालच्या अभ्यासात, आधी दहा मिनिटे तयारीला मिळालेले विद्यार्थी अधिक ओघवते आणि अधिक गुंतागुंतीच्या वाक्यांत बोलले. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत तयारीला सढळ हाताने वेळ द्यावा आणि मुलाखती जवळ आल्या की तो कमी करत न्यावा.

जपानीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट शिकवायला हवी, आणि ती म्हणजे ऐकणाऱ्याचे बोलणे. जपानी संभाषणात ऐकणारा माणूस मधूनमधून ‘हाइ’, ‘सोउ देसु का’ असे उद्गार काढून आणि मान हलवून आपण ऐकत असल्याचे कळवत राहतो. या सवयीला आइझुची म्हणतात. आपले विद्यार्थी आदरापोटी हात बांधून शांतपणे ऐकतात आणि समोरच्या जपानी माणसाला शंका येते की याला काही समजते आहे की नाही. चार-तीन-दोनच्या प्रत्येक फेरीत श्रोत्याला हेच काम नेमून द्यावे. तसेच विचार करायला वेळ हवा असेल तेव्हा गप्प बसण्याऐवजी ‘एतो’ किंवा ‘सोउ देसु ने’ म्हणायची सवय लावावी. मुलाखतीतल्या शांततेने घाबरून गेलेल्या विद्यार्थ्याला हे दोन-तीन शब्द पुढचे वाक्य जुळवण्यापुरता अवधी मिळवून देतात.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. वर्गात बाई एकेकाला उभे करून इंग्रजीत प्रश्न विचारतात, तेव्हा ती बोलत नाही. घरी मात्र ती एकटीच आरशासमोर इंग्रजीत बोलताना दिसते. बाईंचे म्हणणे आहे की तिचा सहभाग शून्य आहे. (एक पालक, ठाणे)

उत्तर : आपली मुलगी सराव करते आहे, तिला प्रेक्षक नको आहेत, एवढेच. बाईंशी बोलताना तक्रारीचा सूर न लावता दोन विनंत्या कराव्यात. पहिली, प्रश्न विचारल्यानंतर थोडे अधिक थांबण्याची. अमेरिकेतल्या शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबतात असे त्यांना आढळले. तो अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवताच मुलांची उत्तरे लांब झाली आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. हे वर्ग विज्ञानाचे होते आणि मुले आपल्याच भाषेत उत्तरे देत होती. परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्या मुलीला तर त्याहून अधिक अवकाश हवा. दुसरी विनंती अशी की, प्रश्न आधी सगळ्या वर्गाला द्यावा, प्रत्येकाने तो शेजारणीशी बोलून पाहावा आणि मगच कोणाला तरी उठवावे. उभी राहते तेव्हा मुलीने ते वाक्य एकदा म्हणून झालेले असते.

घरच्यांसाठीही एक सांगणे आहे. पाहुणे आले की ‘काकांना इंग्रजीत बोलून दाखव’ असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आपल्या मुलीला त्यातून कृपया वगळावे. आरशासमोरचे बोलणे तिला हवे असेल तर फोनवर ध्वनिमुद्रित करू द्यावे. ते कोणाला ऐकवायचे की पुसून टाकायचे, हे तिचे तिने ठरवावे.

प्रश्न : तोंडी परीक्षेचे गुण न्यायाने कसे द्यावेत? एवढ्या मुलांची परीक्षा घेताना सहा-सात तास जातात. (एक शिक्षक, सोलापूर)

उत्तर : एकेकाला बोलावू नका. गटे-इन्स्टिट्यूटच्या ए-वन या सर्वांत पहिल्या पातळीची तोंडी परीक्षासुद्धा जास्तीत जास्त चार जणांच्या गटात, सुमारे पंधरा मिनिटांत होते. तीत स्वतःची ओळख, विषयाची शब्दकार्डे पाहून एकमेकांना प्रश्न विचारणे आणि चित्रकार्डे पाहून विनंती करणे असे तीन भाग असतात. हा साचा शाळेतही चालतो. त्यातही सगळी मुले एका आठवड्यात तपासण्याचा हट्ट नसावा. इतर जोड्या आपल्या कामात असताना रोज एका गटाजवळ बसावे, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत सारा वर्ग होतो. गुण देताना आधी काम पूर्ण झाले का ते पाहावे, मग बोललेले समजले का, आणि व्याकरण त्यानंतर. हा क्रम मुलांना वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवावा.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो आणि शनिवार-रविवारी मराठी शाळा चालवतो. मुलांना मराठी सगळे समजते, पण ती उत्तर इंग्रजीतच देतात. ही परकीय भाषा नाही, तरी आपल्या सदराकडे विचारते आहे.

उत्तर : विचारलेत हे बरे केलेत, कारण अगदी हीच अडचण कॅनडात फार बारकाईने अभ्यासली गेली आहे. तेथे इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली मुले बरीच वर्षे फ्रेंच माध्यमात शिकत होती. भाषासंशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ साली दाखवून दिले की, या मुलांचे ऐकून समजण्याचे कौशल्य फ्रेंचभाषक मुलांच्या तोडीचे होते, पण त्यांच्या बोलण्यातले व्याकरण फार मागे राहिले होते. त्यांचा निष्कर्ष असा की, समजणे कितीही वाढले तरी बोलणे त्यातून आपोआप येत नाही. मोडकेतोडके बोलून भागणार नाही आणि नेमके बोलावेच लागेल, असे प्रसंग वारंवार यावे लागतात.

तुमच्या मुलांपुढे असे प्रसंग येत नाहीत. आईला इंग्रजी येते, बाईंनाही येते, आणि हे मुलांना पक्के ठाऊक असते. त्यामुळे ‘शाळेत मराठीतच बोला’ हा नियम त्यांना नाटकी वाटतो, आणि मला त्यात त्यांचा दोष दिसत नाही. ज्यांच्याशी मराठीशिवाय बोलताच येणार नाही अशी माणसे आणि जे मराठीशिवाय कळणारच नाही असे काम, या दोन्ही गोष्टी शोधाव्या लागतील. ती माणसे बहुतेक घरांत आहेत आणि ती भारतात फोनच्या पलीकडे असतात. मात्र ‘आजीशी बोल’ एवढे सांगून भागत नाही. कशी आहेस, जेवलीस का, यापुढे ते बोलणे जात नाही.

मुलाला काम द्यावे. उदाहरणार्थ, पुढच्या शनिवारी वर्गात थालीपीठ करायचे आहे आणि प्रत्येकाने आपापल्या घरच्या भाजणीत काय काय आणि किती असते ते आजीला, आत्याला किंवा मावशीला विचारून यायचे आहे. आईवडिलांनी मध्ये बोलायचे नाही, ही अट त्यांनाच आधी घालावी. ‘मूठभर म्हणजे किती?’, ‘आधी भाजायचे की आधी दळायचे?’, ‘धणे कशासाठी घालतात?’ हे प्रश्न वर्गात आधी बसवून घ्यावेत. प्रत्येक मूल वेगळी यादी घेऊन येते, कारण कोणाच्या घरी भाजणीत हरभऱ्याची डाळ असते तर कोणाच्या घरी उडीद जास्त. मग वर्गात जोडीने दोन भाजण्यांतले फरक शोधायचे, आणि शेवटी चार-चार जणांनी मिळून कोणती भाजणी करून पाहायची ते ठरवायचे. येथे माहिती मिळवणेही आले, तर्कही आला आणि आवडही आली. आजीने सांगितलेले ‘अंदाजाने घाल’ हे उत्तर घेऊन एखादे मूल आले, तर त्याला पुन्हा फोन करायला लावावे. दुसरा फोन पहिल्यापेक्षा लांब होतो आणि त्यातले प्रश्न मुलाचे स्वतःचे असतात.